ओटीचं खोबरं

दसरा सरला की आमच्या गल्लीत दिवाळी आधी नाकाला कळते. ऊन अजून पाठ भाजत असतं, कूलर अजून खिडकीतून काढलेला नसतो, आणि तरी कुठल्या तरी घरात कुणीतरी रवा भाजायला घेतलेलाच असतो. पहिला वास रव्याचा, मग चिवड्यातल्या कढीपत्त्याचा, मग तळणाचा. तळण एकदा सुरू झालं की गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं जाणं म्हणजे शिक्षाच. कंपनीच्या बसमधून उतरलो की मी कोपऱ्यावर खिशातला रुमाल काढून नाकाला लावतो. लोकांना वाटतं धुळीमुळं लावतो. वाटू द्या. धुळीला आमच्या शहरात बारा महिने तोटा नाही.

परवा अनूला दिवाळीचा ड्रेस घ्यायला गुलमंडीवर गेलो होतो. अनू माझी मुलगी, सातवीत आहे. ड्रेस तिनं पाच मिनिटांत पसंत केला. आईशिवाय वाढणाऱ्या पोरी खरेदीत वेळ घालवत नाहीत, हे मला नव्यानं कळलंय. बाहेर पडलो तर शेजारच्या किराणा दुकानाच्या दारात खोबऱ्याच्या वाट्यांचं पोतं तोंड उघडं टाकून ठेवलेलं. कोऱ्या करकरीत वाट्या. एकीवरही हळदीचं बोट नाही. मी बघत उभा राहिलो.

"बाबा, घ्यायचंय का खोबरं?"

"नाय. चल म्हणलं ना!"

आवाज चढला असणार, कारण दुकानदारानंही मान वर केली. पोरीवर ओरडायचं काही कारण नव्हतं. मला हल्ली कारण लागत नाही.

तीन वर्षं झाली. संगीता, माझी बायको, गौरी बसल्या त्या दिवशी तापानं पडली आणि अनंत चतुर्दशीच्या आत गेली. याच्यापुढं त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते लिहवत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाया जमल्या, तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, तिची ओटी भरली, आणि एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "सवाष्ण गेली रं बाबा, सोनं झालं पोरीचं." सोनं! अडतिसाव्या वर्षी, नऊ वर्षांची लेक मागं टाकून जायचं, आणि त्याला म्हणायचं सोनं. आता रोज त्या म्हातारीशी मनातल्या मनात भांडतो. बिचारी तशी चांगली बाई होती, त्या दिवशी सगळ्यांना चहा तिनंच करून दिला.

माझी थोरली बहीण, आक्का, पाचोडहून आली ती तेरावा झाल्यावरही राहिली. आक्का स्वतः लई वर्षांपासून विधवा. शेरडं जावेच्या हवाली करून आली होती आणि रोज सकाळी उठून शेरडांचीच काळजी करायची, म्हणजे माझ्याकडं बघून रडावं लागत नसे. नियम मात्र तिचे कडक. "ध्यानात ठिव," तिनं सांगितलं, "वरीसभर ह्या घरात कढई चढायची नाय. तळण नाय, गोडधोड नाय. दिवाळीचं भाऊबंद आणून देत्यात."

आणि दिलं आणून, अगदी रीतसर. वसुबारसेपासून ताटं यायला लागली. चुलतभावाकडून लाडू, समोरच्यांकडून चकल्या, कंपनीतल्या मित्राच्या बायकोनं अनारसे पाठवले. वरून रुमाल झाकलेली सात ताटं ओट्यावर ओळीनं मांडलेली. दुखवट्याच्या घरी फराळ देताना लोक उंबऱ्यात फार थांबत नाहीत. ताट देतात, पोरीच्या गालाला हात लावतात आणि जातात. मला ते बरंच वाटायचं.

अनू त्या ताटांसमोर उभी राहिली. एकेक रुमाल उचलून बघितला आणि परत होता तसा झाकला.

"हे काकूंचं. हे समोरच्यांचं. आपलं कुठंय?"

"आपल्याकडं यंदा करत नसतात, बेटा."

"का?"

"आई गेली ना आपली."

"म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. ताटातलं तिनं काही तोंडात घातलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवसांत मला भीती होती ती एकाच गोष्टीची. पोर आईला विसरेल. ही भीती मी कुणाकडून ऐकून घेतलेली नव्हती. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. आमच्या वाडीत तेव्हा फोटो कोण काढतंय? तिचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या हाताला शेळीच्या दुधाचा वास यायचा, एवढं आठवतं. आणि तेही खरंच आठवतं की आक्कानं शंभरदा सांगितलं म्हणून आठवल्यासारखं वाटतं, हे मला सांगता यायचं नाही. माणूस मरतं ते एकदा. मग आपल्या डोक्यात ते जे हळूहळू पुसलं जातं, त्याला ना तेरावा असतो ना कुणी भेटायला येतं. संगीताचं ते होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कसं, ते ठरवलं नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून रुकैया भाभींचं घर. त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं, "भैय्या, बच्ची का मुंह इत्तासा क्यूं हो गया?" मी सांगितलं. कढईचंही सांगितलं. भाभींनी हातातला ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"तो कढईको हातच नक्को लगाओ ना. मेरी छोटी बनाती देखो कुकीज. बिस्किट का चुरा, खोपरा, बादाम, डब्बे का गाढा दूध. गोले बनाओ, चपटे करो, फ्रिज में रख दो. चूल्हाच नई लगता, भैय्या!"

संगीता असती तर तिनं या बिस्किटांना नावं ठेवली असती. ती नानकटाईवाली बाई. दर दिवाळीत घरी पीठ मळून, पत्र्यात गोल गोल मांडून, बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायची आणि तिथं बायकांच्या रांगेत दोन-दोन तास गप्पा मारत उभी राहायची. आपले पत्रे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक नानकटाईवर चमच्यानं एक आडवी रेघ ओढायची. पत्रे घेऊन मी मागं मागं चालत असायचो आणि कुरकुर करत असायचो. कुरकुर कशाची करत होतो, देव जाणे.

आक्काला विचारल्याशिवाय काही करायची सोय नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कढई नाय?"

"नाय."

"तवा?"

"नाय गं."

"गॅसच पेटवायचा नाय?"

"काडीसुद्धा वढायची नाय."

"मंग त्येला गोडधोड कोण म्हनतंय? कर." मग म्हणाली, "खोबरं बाजारातनं कशाला आनतो? संगीताच्या डब्यात आसंल की."

कुठला डबा, हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर हात घातला नव्हता. आक्कानं बोट दाखवलं, मी स्टुलावर चढलो. पत्र्याचा जुना डबा होता. झाकणावर कागद चिकटवलेला आणि त्यावर संगीताच्या अक्षरात एकच शब्द: ओटी.

उघडला, आणि वासानं स्टुलावरच खाली बसलो. खोबऱ्याच्या वाट्या, खारका, कवचासकट बदाम, हळकुंडं, सुपाऱ्या. संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं लग्न, माहेराहून निघताना वहिनीनं भरलेली ओटी. बायकांनी तिच्या पदरात जे जे घातलं ते सगळं ती आणून या डब्यात टाकायची. प्रत्येक वाटीवर हळदीकुंकवाची बोटं उठलेली. कुणाचं बोट जाड, कुणाचं बारीक. आक्का म्हणाली, "दिवाळीला करंज्यांत ह्येच घालायची ती. ओटीचं भाईर कुनाला द्यायचं नसतं. ज्येचं त्येनंच खायचं." म्हणजे अकरा वर्षं मी ते खात होतो आणि मला पत्ता नव्हता. करंजीत साखर कमी आहे का जास्त, एवढंच तोंड वर करून सांगत होतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. मायक्रॉनमध्ये मोजायची सवय. एक केसभर इकडं-तिकडं झालं तर जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, भंगारात जातो. तो माणूस त्या दुपारी स्वयंपाकघरात मांडी घालून बसला आणि त्यानं सगळं वाया घालवलं, ते असं. आक्का जेवून आडवी झाली होती. अनूनं मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं चुरली. बदाम मी उंबऱ्यावर हातोडीनं फोडले. खारका दगडासारख्या झालेल्या, त्या अडकित्त्यानं कातरल्या. सुपारी अनूनं बाजूला काढली म्हणून वाचलो, नाहीतर मी तीही घातली असती. आणि खोबरं? खोबरं मी घेतलं आणि किसलं. जसंच्या तसं. सगळ्या वाट्या, एक न ठेवता. डब्याचं घट्ट दूध ओतून मळायला घेतलं तर गोळा गुलाबी व्हायला लागला. अनू म्हणाली, "बाबा, रंग कुठनं आला?" मी म्हणालो, "बदामाचा असंल."

आक्का उठून आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं, कुकू पुसलं नाय व्हय? संगीता वल्ल्या फडक्यानं पुसायची, पाठ खरवडून काढायची, मंग किसायची! येवढं बी ठाव नाय तुला?"

नव्हतं ठाव. खोबरं आधी पुसायचं असतं हे पुरुषाला कोण सांगतं? आम्हाला करंजी थेट ताटात भेटते.

तरी गोळे वळले. तळहातावर दाबून चपटे केले, वरून उरलेल्या किसात घोळवले, ताटात मांडून फ्रीजमध्ये ठेवले. अनू दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडून बघत होती. संध्याकाळी पहिलं मी खाल्लं. अगागा! आधी गोड, मग मागून कुंकवाची कडसर चव चढत यायची, आणि खोबरंही जुनं, खवट झालेलं. घशाशी अडकलं. मी ताट उचललं. मला ते सगळं टाकून द्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ताटासकट भिंतीवर आपटायचं होतं.

अनूनं मधेच हात घालून एक उचललं. अर्धं तोडून खाल्लं. चावता चावता थांबली.

"आईचा वास येतोय," ती म्हणाली. "हळदीकुंकवाहून आल्यावर यायचा ना पदराला, तसा."

तिनं चार खाल्ली. एकामागून एक, सावकाश, कडू चवीसकट. आणि बोलायला लागली. आई आल्या आल्या मी पदर ओढायचे, त्यातली खारीक मला द्यायची. आई हळकुंडानं माझ्या हातावर फूल काढायची. आई रिक्षात बसली की मोठ्यांदा गाणी म्हणायची आणि रिक्षावाला आरशातून बघायचा. दीड महिना जी पोर आईविषयी हूं की चूं करत नव्हती ती तासभर बोलत होती. आक्का पदर तोंडात कोंबून ऐकत बसली. मी ताट खाली ठेवलं. तीन वर्षांत माझ्या घरात दिवाळी म्हणून काही झालं असेल तर ते त्या एका संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी आक्कानं तो रिकामा डबा पुसून उन्हात ठेवला.

"ह्येच्यात आता डाळ-बिळ भर," ती म्हणाली. "वटीचं कुठनं येनार? ज्या घरात सवाष्ण नाय तिथं वटी कुनाची भरायची? माझ्या डब्यात म्या शेरडांचा भरडा ठिवते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बायकांनी वर्षानुवर्षं तिच्या पदरात जे घातलं ते मी एका दुपारी किसून, मळून संपवलं होतं. बाजारात खोबरं पोत्यांनी मिळतं. पण त्यावरची ती बोटं? जॉब भंगारात गेला तर दुसरा रॉड लावता येतो. इथं दुसरा रॉड नव्हता.

ताटात तोवर मोजकीच बिस्किटं उरली होती. मी एक उचललं. चांदीच्या कागदात गुंडाळलं आणि संगीताच्या एका छोट्या स्टीलच्या डबीत घालून फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेच्या मागं सरकवलं. कुणाला सांगितलं नाही. आक्का म्हणाली असती, खूळ लागलं. अनूला सांगायचं होतं, पण कधी? ती मोठी होईल, आईचं लग्नातलं सोनं तिला देईन, तेव्हा ही डबीही देईन आणि म्हणेन, खाऊ नकोस, नुसता वास घे. असं काहीतरी मनात होतं. माणूस मनात काय काय ठरवतो.

घरी एकटा असलो की कधीमधी मी ती डबी काढायचो. गोठलेल्या वस्तूला वास नसतो. हातात धरून ऊब द्यायची, मग कुठं बारीकसा यायचा, की लगेच घाईनं परत आत. उन्हाळ्यात लाईट गेली की माझा जीव खाली-वर व्हायचा. अनू म्हणायची, "बाबा, लाईट गेली की तुम्ही फ्रीजपाशी का उभे राहता?" मी म्हणायचो, "दूध नासंल." दुधासाठी एवढा कळवळा असणारा बाप तिनं दुसरा बघितला नसेल.

वर्ष सरलं, वर्षश्राद्ध झालं. पुढच्या दिवाळीला आक्का आली आणि तिनंच कढई चढवली, बाजारच्या खोबऱ्याच्या करंज्या केल्या. छान झाल्या होत्या. अनूनं आवडीनं खाल्ल्या, मैत्रिणींना डबा नेला. पोर हसतेय, खातेय, आणि बाप तिच्याकडं बघून मनात म्हणतोय, अगं, इतक्यात? किती नालायक विचार! पण आला, तर लिहितो. नंतर एकदा शाळेच्या वहीला कव्हर घालता घालता तिनं सहज विचारलं, "बाबा, आई डाव्या हातानं लिहायची का हो?" मी म्हणालो, "नाय, उजव्या." आणि मग कितीतरी वेळ बसून आठवत राहिलो, की उजव्याच ना? डब्यावरचा तो कागद बघून हात कुठला ते कळत नाही. तीही बघत असणार, मीही बघत होतो, आणि दोघांच्याही हातातून संगीता वाळूसारखी गळत होती.

काल माझी पहिली पाळी होती. चारला घरी आलो. गल्लीत तळणाचा वास, नाकाला रुमाल, सगळं नेहमीचं. दार उघडलं तर घर लखलखीत. अनूला दिवाळीची सुट्टी लागलीय. जाळ्या काढलेल्या, पडदे धुतलेले. बारा वर्षांची पोर डोक्याला रुमाल बांधून उभी होती, हुबेहूब... जाऊ द्या.

"बाबा, फ्रीज बघा! फ्रीजरमध्ये नुसता बर्फाचा डोंगर झाला होता. बंद करून सगळा वितळवला."

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं फ्रीजर उघडला. आत पांढरा, स्वच्छ, रिकामा. मान वळवली तर ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांत, ती स्टीलची डबी पालथी घातलेली. पाणी निथळत होतं.

"ह्यात काय होतं गं?"

"काय माहीत. चांदीच्या कागदात काहीतरी काळपट दगडासारखं होतं. कधीचं होतं कुणास ठाऊक. सकाळी घंटागाडीत टाकून दिलं." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "का हो? कामाचं होतं?"

घंटागाडी सकाळी आठला येते. आठ वाजता मी वाळूजला मशीनपुढं उभा होतो. आता संध्याकाळ होत आली होती. शहराचा सगळा कचरा एका ठिकाणी ओततात, तिथं जाऊन मी काय शोधणार होतो? आणि तिला काय म्हणणार होतो? तिला सांगितलं कुणी होतं? तिनं घर आवरलं होतं, आई आवरायची तसं. चूक माझी. खोबरं न पुसता किसलं तेव्हाही माझीच होती.

"नाय गं," मी म्हणालो. "बरं केलंस."

ती खूश झाली. डबी पुसून उजेडात धरून बघितली. "आईची आहे ना ही? मी क्लिपा ठेवते हिच्यात." मी मान हलवली. मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, यंदा ती बिस्किटं करू या का? ती नाय का, गॅस न पेटवता केली होती आपण, आई गेली त्या दिवाळीत. मला केलेलं आठवतं, तुम्ही हातोडीनं बदाम फोडले होते. पण कशी लागायची ते आठवतच नाय. किती आठवतेय मघापासून. कशी होती हो?"

भिंतीपलीकडं भाभींच्या घरी कुकर शिट्टी देत होता. समोरच्यांकडं चकल्या तळत होत्या. पोर माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

"गोड होती," मी म्हणालो.